काडीतला घड : नवोदित कथालेखकाने प्रेरणा कुठून मिळवावी आणि ती कशी टिकवावी

निफाड, दिंडोरी किंवा पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागायतदाराला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर पंधरवड्यात वेलीवर जो घड दिसू लागतो, तो ऑक्टोबरात तयार झालेला नसतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जी नवी काडी फुटते, तिच्या डोळ्यांत मे-जूनमध्येच सूक्ष्म घडाची निर्मिती होऊन गेलेली असते. त्या काळात काडीला पुरेसे ऊन मिळाले नाही किंवा पाण्याचे आणि खताचे गणित चुकले, तर पुढे कितीही निगुतीने छाटणी केली तरी घड जिरतो आणि त्याच्या जागी नुसती बाळी, म्हणजे आधाराला वेटोळे घालणारा तंतू, निघते.

कथालेखनाची प्रेरणा याच क्रमाने चालते, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे. लिहायला बसल्यावर काही सुचत नाही, अशी तक्रार घेऊन जे नवोदित भेटतात, त्यांची अडचण बहुधा त्या दिवसाची नसते. मागच्या चार-सहा महिन्यांत त्यांनी काही पाहून, ऐकून, टिपून ठेवलेले नसते. म्हणून या लेखात मी आधी ती साठवण कशी करावी हे सविस्तर सांगणार आहे आणि मग रोज लिहिते राहण्याच्या सवयीकडे येणार आहे. उदाहरणे नाशिकची आहेत, कारण मी इथे राहतो आणि इथेच लिहितो.

नोंदवही कशी ठेवावी

खिशात मावेल अशी एक वही घ्यावी आणि दिवसाला एकच नोंद करावी. मोबाइलवर लिहिले तरी चालेल, पण हाताने लिहिलेले अधिक काळ लक्षात राहते, असा माझा अनुभव आहे. नोंद आपल्या मनःस्थितीची नसावी. दुसऱ्या माणसाने केलेल्या कृतीची किंवा उच्चारलेल्या वाक्याची असावी. ‘आज फार उदास वाटले’ या वाक्यातून सहा महिन्यांनी काहीही उगवत नाही.

समजा, आपण सकाळी रामकुंडावर गेलो आहोत. अस्थिविसर्जनासाठी आणि दशक्रिया विधीसाठी गावोगावची कुटुंबे तिथे आलेली असतात. ‘घाटावर गर्दी होती, वातावरण गंभीर होते’ अशी नोंद करणे म्हणजे काहीच न पाहणे होय, कारण हे वाक्य घरबसल्याही लिहिता आले असते. त्याऐवजी अशी नोंद पाहावी : ‘विधी चालू असताना थोरला मुलगा सारखा पायरीवर काढून ठेवलेल्या धाकट्याच्या नव्या बुटांकडे पाहत होता.’ हे वाक्य वाचल्याबरोबर मनात प्रश्न उभे राहतात. बूट कधी घेतले, कोणाच्या पैशांनी घेतले, वडिलांच्या आजारपणात दवाखान्याचा खर्च कोणी केला, आणि घरी परतताना गाडीत या दोघांत काय बोलणे होईल? एका नोंदीतून चार प्रश्न निघाले, की ती नोंद जपून ठेवण्याजोगी आहे असे समजावे. मात्र दुःखात असलेल्या माणसांकडे टक लावून पाहू नये, त्यांचे छायाचित्र घेऊ नये आणि वही त्यांच्यासमोर उघडू नये. पाहिलेले मनात ठेवून बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर लिहावे. ज्याला इतके भान राखता येत नाही, त्याने माणसांविषयी लिहू नये असे मला मनापासून वाटते.

नोंदींसाठी वेगळी भटकंती करण्याची गरज नसते. नाशिकरोडहून सकाळी मुंबईला जाणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसमध्ये वर्षानुवर्षे एकत्र प्रवास करणारे पासधारक असतात. त्यांच्या डब्यात कोणाची जागा कोणती, हे कोणी लिहून दिलेले नसते, तरी सगळ्यांना ठाऊक असते. त्या जागेवर एके दिवशी एखादा नवखा माणूस बसतो, तेव्हा काय होते? भांडीबाजारात लग्नाची भांडी घ्यायला आलेल्या कुटुंबात किंमत कोण विचारते आणि पैसे कोण मोजते? मेळा स्थानकावर त्र्यंबकच्या बसची वाट पाहणारी माणसे कोणत्या विषयावर बोलताना आवाज खाली आणतात? ऐकताना शब्दांइतकेच बोलीकडे लक्ष द्यावे. बागलाण आणि मालेगावकडची अहिराणी, सुरगाणा-पेठकडच्या कोकणा आदिवासींची कोकणी, जुन्या नाशिकमधली ठसकेबाज मराठी आणि कॉलेज रोडवरची इंग्रजीमिश्रित भाषा या एकाच जिल्ह्यात ऐकू येतात. पात्र कोणत्या गावचे आहे हे ज्याच्या कानाला कळत नाही, त्याच्या कथेतली सगळी माणसे एकाच आवाजात बोलू लागतात.

ज्या व्यवसायात आपण आहोत, त्याची नोंद करायला नवोदित मंडळी विशेषतः कचरतात. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्यांत काम करणाऱ्याला वाटते, की यंत्राच्या आवाजात साहित्य कसले असणार. हा समज घातक आहे. २०२१ साली नाशिकला झालेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर हे खगोलशास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या विज्ञानकथा त्यांच्या अभ्यासविषयातूनच आलेल्या आहेत. रात्रपाळीत पहाटे तीन वाजता कामगाराला कोणती झोप येते, पाळी बदलताना यंत्राविषयी कोणती सूचना पुढच्या माणसाला मुद्दाम दिली जात नाही, हे बाहेरच्या लेखकाला कितीही वाचून कळणार नाही. ते ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हातात न उघडलेले भांडार आहे.

नोंदीतून कथा कशी काढावी

वही भरत गेली, की एक नवी अडचण येते : नोंदी पुष्कळ आहेत, पण कथा एकही नाही. इथे मी जी रीत वापरतो ती एका उदाहरणाने सांगतो.

गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले, की आकडे क्युसेकमध्ये जाहीर होतात. पण जुन्या नाशिकचा माणूस विचारतो, मारुतीच्या कुठवर पाणी आले? कमरेला लागले, छातीला लागले, मानेपर्यंत पोहोचले, या मोजमापावर काठच्या दुकानदारांची माल हलवण्याची घाई ठरते. १९६९, २००८ आणि २०१६ चे पूर आजही याच भाषेत सांगितले जातात. ही झाली एका ठिकाणाची माहिती. ती कितीही मनोवेधक असली, तरी अजून ती कथा नव्हे, आणि अनेक होतकरू लेखक नेमके इथेच थांबून वर्णनाची पाने भरत बसतात.

पहिली पायरी म्हणजे त्या ठिकाणचा नियम एका वाक्यात मांडणे : पाणी अमुक खुणेपर्यंत आले की दुकान रिकामे करायचे. दुसरी पायरी म्हणजे त्या नियमाशी बांधलेला एक माणूस शोधणे. समजा, भांडीबाजाराच्या उतारावरचा एक वयस्कर दुकानदार आहे. वडिलांच्या काळापासून तो कमरेची खूण पाळत आला आहे. मुलगा म्हणतो, आता मोबाइलवर धरणाचे आकडे येतात, मारुतीकडे काय पाहायचे? तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. त्या माणसाला अशा जागी आणावे, की त्याला काहीतरी ठरवावेच लागेल आणि कोणताही निर्णय घेतला तरी काहीतरी गमवावे लागेल. या वर्षी पाणी कमरेला लागले आहे, पण दुकान मुलाच्या नावावर झाले आहे आणि मुलगा माल हलवायला तयार नाही. बापाने हमालांना बोलवावे, तर मुलाचा चारचौघांत अपमान होतो; गप्प बसावे, तर आयुष्यभराचे शहाणपण पाण्यात जाते. आता पूर हे कथेचे केवळ निमित्त उरले आणि बाप-लेकाचा प्रश्न पुढे आला. शेवटी पाणी चढते की उतरते, हे लिहिता लिहिता ठरू द्यावे. ते आधीच ठरवले, की पात्रे त्या शेवटाकडे ढकलली जातात.

ठिकाणाचा नियम, नियमाशी बांधलेला माणूस आणि टाळता न येणारा निर्णय, या तीन गोष्टी जुळल्या की सुचत नाही ही तक्रार बहुतेक वेळा मिटते.

इतिहासातून कथा शोधणाऱ्यांसाठीही हीच रीत उपयोगी पडते. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. त्याने ३००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवली. २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर शेकडा पाऊण असे व्याज ठरले, आणि त्या व्याजातून लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या चीवरांचा, म्हणजे वस्त्रांचा, आणि इतर गरजांचा खर्च भागायचा होता. मूळ रक्कम परत द्यायची नव्हती, व्याज मात्र कायम भरायचे होते. हे वाचून बहुतेकांच्या डोळ्यांसमोर राजा येतो. माझ्या डोळ्यांसमोर त्या श्रेणीतला एक विणकर येतो, ज्याच्या आजोबांच्या काळात ही ठेव स्वीकारली गेली आणि ज्याच्या वाट्याला आता सूत महाग झालेले वर्ष आले आहे. हा विणकर माझ्या कल्पनेतला आहे, पण व्याजाचा दर दगडात कोरलेला आहे. कल्पनेला अशा पक्क्या खुंटीला बांधले, की ती भरकटत नाही. गोवर्धन हे गाव आजही गंगापूरजवळ आहे, आणि लेण्यांच्या पायऱ्या चढून हा लेख प्रत्यक्ष पाहिल्यावर घरी येऊन लिहावेसे वाटले नाही, असे माझ्या बाबतीत एकदाही झालेले नाही.

वाचन लेखकाच्या नजरेने

वाचनाविना प्रेरणेची भाषा करणे मला पटत नाही. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे. ज्याला पुस्तके विकत घेणे परवडत नाही, त्याच्यासाठी वाचनालयाची वर्गणी हा लेखनासाठी केलेला सर्वांत उपयोगी खर्च ठरू शकतो. एक चांगली कथा तीनदा वाचावी. पहिल्यांदा वाचक म्हणून वाचावी. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन कोणती माहिती लेखकाने कुठे उघड केली आणि कुठे रोखून धरली, याच्या खुणा टिपणवहीत कराव्यात. तिसऱ्यांदा त्यातले एक पान हाताने उतरवून काढावे. उतरवताना वाक्यांची लांबी बोटांना जाणवते, आणि लेखक कुठे थांबला, कुठे वेगाने पुढे गेला, हे डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळते.

काय वाचावे, याची यादी मी देत नाही. पण नाशिकच्या नवोदिताने बाबुराव बागुल वाचल्यावाचून राहू नये. १९३० साली विहितगावात जन्मलेल्या आणि मुंबईच्या माटुंगा लेबर कॅम्पात वाढलेल्या या लेखकाचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली आला आणि मराठी कथेत तोवर ज्यांना जागा नव्हती अशी माणसे त्याने मध्यभागी आणून उभी केली. आपण जे जगलो ते लिहिण्याच्या योग्यतेचे आहे का, या शंकेने ज्यांचे पेन अडते, त्यांना या संग्रहातून उत्तर मिळेल.

व्याख्याने आणि साहित्यिक कार्यक्रम यांविषयी मात्र सावधगिरीचा एक शब्द सांगतो. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरते, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाचे कार्यक्रम होतात आणि कुसुमाग्रज स्मारकात वर्षभर काही ना काही चालू असते. तिथे जरूर जावे. पण चांगले भाषण ऐकून आलेला उत्साह रात्रीच्या जेवणापर्यंत टिकतो, आणि तेवढ्या अवधीत एक पान लिहिले नाही तर लिहिल्याचे समाधान न लिहिताच मिळून जाते. कार्यक्रमाहून परतल्यावर झोपण्यापूर्वी अर्धे पान लिहायचे, असा नियम मी स्वतःसाठी केला आहे.

रोजची बैठक आणि मधला उन्हाळा

प्रेरणा मिळणे आणि ती टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी अधिक अवघड आहे. मी पहिली कादंबरी लिहायला घेतली तेव्हा १४० पानांपर्यंत पोहोचलो आणि तिथेच थांबलो. कारण पुष्कळ उशिरा लक्षात आले. भेटेल त्या मित्राला मी तिचे कथानक सांगत होतो. प्रत्येक जण डोळे विस्फारून ऐकत होता, आणि सांगून सांगून मला स्वतःलाच ती पूर्ण झाल्यासारखी वाटू लागली होती. लिहून पूर्ण होईपर्यंत कथानक कोणालाही तोंडी सांगू नये, हा धडा मी दोन वर्षे घालवून शिकलो.

बैठकीची वेळ आपल्या दिनक्रमातून शोधावी. ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते, त्याने घड्याळाची वेळ न धरता घटना धरावी : कामावरून आल्यावर आंघोळ केली, की चाळीस मिनिटे लिहायचे. गृहिणीला दुपारी मुले शाळेत असतानाचा वेळ मिळत असेल, तर तो घरच्यांना सांगून राखून ठेवावा. न सांगितलेला वेळ घरात कोणी राखत नाही. दिवसाला तीनशे शब्द पुरेत. सवयीसाठी आठवड्याचे पाच दिवस पाळता आले तरी पुष्कळ झाले, आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी सहाशे लिहिण्याचा आग्रह धरू नये, कारण थकबाकी वाढत गेली की माणूस वहीपासूनच तोंड लपवू लागतो.

उठताना प्रसंग पूर्ण करून उठू नये. पात्र दारात उभे आहे, कडी वाजवली आहे, आत कोण आहे हे आपल्याला ठाऊक आहे, अशा ठिकाणी थांबावे आणि पुढचे पहिले वाक्य समासात लिहून ठेवावे. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाला सामोरे जावे लागत नाही. माझे बंद पडलेले लेखन या एका सवयीने पुन्हा सुरू झाले.

कथेच्या मध्यावर कंटाळा येतो, आणि तो जवळपास सगळ्यांना येतो. सुरुवातीचे नवेपण ओसरलेले असते आणि शेवट अजून दृष्टिपथात नसतो. अशा वेळी क्रमाने लिहिण्याचा हट्ट सोडून जो प्रसंग लिहिण्याची ओढ आहे तो आधी लिहावा. तेही जमत नसेल, तर एका पात्राने दुसऱ्याला लिहिलेले पत्र लिहून पाहावे. ते कथेत जाणार नाही, पण त्या पात्राने आपल्यापासून काय लपवले होते, ते बहुतेकदा त्यात सापडते. तरीही हात चालेना, तर बागेतल्या काडीची आठवण ठेवावी आणि महिनाभर फक्त नोंदवहीचे काम करावे. या महिन्यात आपण आळशी झालो असे समजू नये. फक्त परतण्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. तारीख नसलेली विश्रांती वर्षानुवर्षे लांबते.

सोबत

एकट्याने लिहावे लागते, पण एकट्यानेच टिकून राहणे फार थोड्यांना जमते. चार-पाच जणांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे. संख्या त्याहून वाढली, की वाचन कमी आणि गप्पा अधिक होतात. आमच्या बैठकीत तीन नियम आहेत. लेखकाने कथा मोठ्याने वाचावी आणि नंतर पंधरा मिनिटे काही बोलू नये. ऐकणाऱ्यांनी ‘छान आहे’ किंवा ‘आवडली नाही’ असे न म्हणता, आपले लक्ष कुठे उडाले आणि कुठे पुढचे ऐकण्याची उत्सुकता वाटली, एवढेच सांगावे. आणि कथा कशी लिहायला हवी होती, हे कोणीही सुचवू नये. पहिल्या नियमाचा त्रास सर्वांत जास्त होतो, कारण लेखकाला समजावून सांगण्याची घाई असते. पण जे समजावून सांगावे लागते ते कागदावर उतरलेले नाही, हे त्या पंधरा मिनिटांत त्याला कळते.

ओळखीच्या माणसांवरून पात्रे घडवताना नाव, गाव, व्यवसाय आणि नातेसंबंध यांतले किमान तीन तपशील बदलावेत. गल्लीतल्या कोणालाही आपली कथा वाचून शेजाऱ्याच्या घरातले गुपित कळता कामा नये.

कथा पाठवण्याचे वेळापत्रक

मुदत नसेल तर कथा पूर्ण होत नाही, आणि मराठी लेखकाला दरवर्षी येणारी एक मुदत आपोआप मिळालेली आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढल्यापासून ही परंपरा चालत आली आहे आणि आजही नव्या कथालेखकाला वाचकांपर्यंत नेणारा तो सर्वांत मोठा रस्ता आहे. अंक दिवाळीत येतो, पण साहित्य पावसाळ्यातच मागवले जाते. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत वहीतून एक नोंद निवडावी, मार्चअखेर पहिला खर्डा पुरा करावा, एप्रिलभर तो कपाटात ठेवावा आणि मे महिन्यात काढून मोठ्याने वाचावा. दुरुस्तीच्या वेळी बागायतदाराची विरळणी डोळ्यांसमोर असावी : घडातले चांगले मणीही कात्रीने काढावे लागतात, तेव्हाच उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. माझ्या अनुभवात पहिल्या खर्ड्याचा पाचवा हिस्सा तरी जातोच, आणि त्यात मला आवडलेली वाक्ये असतात.

जूनमध्ये कथा एका संपादकाकडे पाठवावी. पाठवण्यापूर्वी त्या अंकाचे मागचे दोन-तीन वर्षांचे अंक वाचनालयात चाळून तिथे कोणत्या प्रकारच्या आणि किती लांबीच्या कथा येतात ते पाहावे. ग्रामीण कथा छापणाऱ्या अंकाकडे विज्ञानकथा पाठवून नकार आला, तर त्यात कथेचा दोष नसतो. एकच कथा एकाच वेळी दोघांकडे पाठवू नये. नकार आला किंवा उत्तरच आले नाही, तर तारीख टाकून ती कथा पंधरा दिवस बाजूला ठेवावी, मग आपल्या बैठकीत पुन्हा एकदा वाचावी, लक्ष उडाल्याच्या जागा दुरुस्त कराव्यात आणि दुसरीकडे पाठवावी. तोवर वहीतल्या पुढच्या नोंदीवर तीनशे शब्दांचे रोजचे काम सुरू झालेले असावे.